हवाई चपला

रडर पेडल जोडली त्या रात्री मी लोहगावच्या रनवे २८वर सेसना १७२ उभी केली, थ्रॉटल पूर्ण पुढे ढकललं, आणि विमानाच्या आधी माझी खुर्चीच निघाली. मागे.

टेकऑफच्या वेळी सेसनाचं नाक डावीकडे ओढ घेतं. पंख्याच्या फिरण्यामुळे आणि पंख्यामागून गोल गोल येणाऱ्या हवेमुळे. ते सरळ ठेवायला उजव्या पायानं पेडल दाबावं लागतं. मी दाबलं. खाली गुळगुळीत टाइल्स, खुर्चीला पाच चाकं, न्यूटन आपला हजर. विमान गवतात शिरलं आणि मी पलंगाला जाऊन थडकलो.

तोवर या छंदावर माझे एक लाखाच्या वर पैसे गेले होते. प्रोसेसरचे तक्ते तोंडपाठ होते. खुर्चीला चाकं असतात हे मात्र डोक्यात आलं नव्हतं.

सुरुवात सगळे करतात तशीच झाली, ग्राफिक्स कार्डानं. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४ आलं, ट्रेलरमधले ढग बघितले आणि महिन्याच्या आत ७२,००० रुपयांचं कार्ड घरात आलं. सह्याद्रीवर सगळं मख्खन. मुंबईला उतरायला गेलो की चित्र अडखळायचं. नेमकं चाकं टेकायच्या वेळी अर्धा सेकंद गोठायचं, आणि मग थेट आदळल्यावरच जिवंत व्हायचं. मी सेटिंग कमी केली, रेझोल्यूशन कमी केलं. ढिम्म फरक नाही.

मग डेव्हलपर मोडमधला फ्रेम मोजणारा चौकोन उघडला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, ‘लिमिटेड बाय मेनथ्रेड’. म्हणजे महागडं कार्ड हात बांधून बसलेलं आणि प्रोसेसरचा एक धागा घामाघूम. विमानाचं गणित, कॉकपिटमधली उपकरणं, आजूबाजूची विमानं, यातलं बरंच काम एकापाठोपाठ एकच करावं लागतं. पंगतीत आचारी एकच असेल तर वाढपी दहा ठेवून ताटं लवकर भरत नाहीत. जीन अ‍ॅमडालनं हे १९६७ साली मांडलंय, मी कॉलेजात त्यावर आठ मार्कांचं उत्तर लिहिलंय आणि ऑफिसात ज्युनिअर पोरांना रोज सांगतो: आधी मोजा, मग सुधारा. स्वतःच्या खिशाची वेळ आली तेव्हा मी मोजलं नाही.

शेवटी सेकंडहँड रायझन ५८००एक्स३डी घेतला. त्यात ९६ एमबी एल३ कॅश आहे, म्हणजे लागणारा डेटा प्रोसेसरच्या हाताशीच राहतो, आणि सिम्युलेटरला याचाच सगळ्यात जास्त फायदा होतो. जुना मदरबोर्डही बदलावा लागला नाही. रॅम ३२ जीबी केली, आसपासच्या ट्रॅफिकचा आणि दूरच्या जमिनीच्या बारकाव्याचा स्लायडर खाली आणला, फ्रेम ४०ला बांधून टाकल्या. गोळीबाराच्या गेमला १२० लागत असतील. सेसनाला सलग न अडखळणाऱ्या ४० पुरतात. हे सगळं पहिल्याच आठवड्यात कळलं असतं तर बरेच पैसे वाचले असते.

पण मी आधी चित्रच का विकत घेतलं, याला कारण आहे.

बारावीनंतर मी पायलटच्या मेडिकलला गेलो होतो. डॉक्टरांनी इशिहाराचं पुस्तक उघडलं. रंगीत ठिपके, त्यांत लपलेला आकडा. पहिलं पान आलं. पुढच्या पानावर मला नुसते ठिपके दिसले. त्याच्या पुढच्याही. मला वाटलं, ही पानं अशीच असतील. मग माझं लक्ष शेजारी बसलेल्या पप्पांकडे गेलं. त्यांना आकडा दिसत होता. ते चेहऱ्यावर काही न दाखवायचा प्रयत्न करत होते आणि तो जमत नव्हता.

मला लाल रंग अंधुक दिसतो. पूर्ण नाही असं नाही, पण त्याचा दिवा कुणीतरी कमी केल्यासारखा. हा दोष मुलाला आईकडून येतो आणि बहुतेक वेळा तिला स्वतःला काहीच जाणवत नाही. हे मी आईला अजून सांगितलेलं नाही. मी इंजिनिअरिंगला गेलो. दहा वर्षांनी हातात पैसा आला तेव्हा पहिला खर्च केला तो डोळ्यांना जे नाकारलं गेलं होतं त्यावर. फोरके स्क्रीन, ढग, सूर्यास्त. सूर्यास्त तर मला नीट दिसतही नाही.

गंमत म्हणजे पहिल्या खऱ्या सिम्युलेटरला चित्रच नव्हतं. एडविन लिंक नावाचा अमेरिकन माणूस, बिंगहॅम्टनला त्याच्या वडिलांचा ऑर्गन आणि पियानोंचा कारखाना होता. ऑर्गनचे भाते आणि हवेचे पंप वापरून त्यानं १९२९ साली एक छोटं लाकडी विमान बनवलं. दांडी हलवली की भाते फुगायचे, आकसायचे, आणि खोकं डुलायचं. आधी त्याला फारसं कुणी विचारलं नाही. १९३४मध्ये अमेरिकी लष्कराकडे हवाई टपालाचं काम आलं, खराब हवेत वैमानिक मेले, तेव्हा लष्करानं सहा खोकी विकत घेतली. वरून झाकण लावायचं. आत अंधार, समोर फक्त काटे, हातात दांडी, पायात पेडल. बाहेरचं काही बघायचंच नाही, हेच शिकवायचं होतं.

हे वाचलं आणि मी स्क्रीनवरून नजर काढून टेबलाकडे वळवली. टेबलावर एक थकलेली जॉयस्टिक होती.

ती मी कुणाकडून तरी दीड हजाराला आणलेली. पप्पा रविवारी आले होते, त्यांनी ती हातात घेतली. ते हडपसरच्या एका कंपनीत चौतीस वर्षं टर्नर होते. दांडी मधोमध धरून त्यांनी ती बोटभर डावी-उजवी केली, स्क्रीनकडे पाहिलंच नाही.

“याला प्ले आहे,” ते म्हणाले.

लेथचं हँडव्हील उलट फिरवलं की पहिली थोडी फेरी फुकट जाते, स्लाइड जागची हलत नाही. स्क्रू आणि नटमधली झीज. तो प्ले. चांगला टर्नर तो मनात धरून हात चालवतो. मी त्यांना दाखवलं की सॉफ्टवेअरमध्ये आपण हा प्ले मुद्दाम टाकतो, त्याला डेडझोन म्हणतात. त्यांना ते अजिबात पटलं नाही.

“मुद्दाम कशाला?”

“आतला सेन्सर झिजलाय. हात न लावताही थरथरतो. ते झाकायला.”

“म्हणजे मशीन खराब आहे आणि तू रीडिंग झाकतोयस.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. स्वस्त दांड्यांमध्ये पोटेन्शिओमीटर असतो, एक पट्टी आणि तिच्यावर घासत फिरणारा संपर्क. घासतो म्हणजे झिजणारच. हॉल सेन्सरमध्ये चुंबक फिरतं आणि सेन्सर लांबूनच त्याचं क्षेत्र मोजतो, घासत काही नाही. मी थ्रस्टमास्टरची टी.१६०००एम घेतली, तिच्या मुख्य दोन अक्षांना हेच तंत्र आहे. डेडझोन शून्यावर आणला. त्याच संध्याकाळी पहिल्यांदा विमान मी ठरवलेल्या उंचीवर राहिलं. माझा हात तोच होता.

सेसनाला खरं तर योक शोभतो, गाडीच्या स्टिअरिंगसारखा. हनीकोंबचा अल्फा पूर्ण १८० अंश फिरतो, खऱ्यासारखा, आणि मी त्याचे फोटो महिनाभर बघत होतो. पण माझ्या याच टेबलावर दिवसाचे नऊ तास ऑफिसचं काम चालतं. रोज सकाळी योकचा क्लॅम्प सोडायचा, रात्री आवळायचा, असं मी फार तर दोन आठवडे केलं असतं. दांडी उचलून कपाटात जाते. एअरबसमध्ये कॅप्टनच्या डाव्या हाताला साइडस्टिकच असते, असं स्वतःला सांगून मी तो विषय मिटवला. मान वळवून धावपट्टी शोधायला ओपनट्रॅक हे फुकट सॉफ्टवेअर आणि ऑफिस मीटिंगचाच वेबकॅम. व्हीआरची फक्त चौकशी केली.

एक गोष्ट मात्र पैशानं सुटत नाही, निदान माझ्या बजेटमध्ये तरी. खऱ्या विमानात ट्रिमचं चाक फिरवलं की हातावरचा जोर हळूहळू नाहीसा होतो, दांडी जिथे आहे तिथेच हलकी होते. माझ्या दांडीत स्प्रिंग आहे, ती कायम मधोमध पळते. त्यामुळे ट्रिम फिरवता फिरवता दांडी तेवढीच सैल सोडत मध्यावर आणावी लागते. मेंदूला हे उलटं शिकवावं लागतं. पप्पांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “मग हे खरं नाही.” मी म्हटलं, नाहीच.

आणि मग पेडल आणि ती खुर्ची. मी दोरीनं खुर्ची टेबलाला बांधून पाहिली. एका चाकाखाली विटेचा तुकडा लावला. पुढच्या रविवारी पप्पांनी ते सगळं पाहिलं, काही न बोलता बाल्कनीत गेले आणि जुन्या हवाई चपलांचे अडीच जोड घेऊन आले. एकेका चाकाखाली एकेक चप्पल, रबराचा तळ खाली, पट्ट्यांमध्ये चाक अडकवलेलं. पाच चाकं, पाच चपला. मी हसायला लागलो. ते खाली बसून पट्ट्या घट्ट करत होते.

“तुझ्या मेडिकलच्या दिवशी,” ते म्हणाले, “मला हायसं वाटलं होतं.”

मी गप्प.

“फ्लॅटवर लोन काढायचं ठरलं होतं. फॉर्म भरून ठेवलेला. डॉक्टर नाही म्हणाले आणि मला वाटलं, सुटलो. मग तुझ्याकडे बघितलं.” त्यांनी चौथी चप्पल सरकवली. “ती दे.”

मी पाचवी चप्पल दिली.

दोन दिवस मला राग आला होता. कशाचा ते नीट सांगता येत नाही. दहा वर्षं मी असं धरून चाललो होतो की त्या दिवशी त्यांचंही स्वप्न माझ्या डोळ्यांमुळे मोडलं. लहानपणी तेच मला सुट्टीच्या दिवशी हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरच्या कुंपणापाशी न्यायचे. विंच केबल ओढायचं, ग्लायडर चढत जायचं, केबल सुटायची, आणि मग अजिबात आवाज नाही. माझ्याइतकेच तेही वर बघत असायचे. आणि तरी सुटलो वाटलं. दोन्ही खरं असणार. बहुतेक त्यांनी सहीही केली असती.

तिसऱ्या दिवशी मी फोन केला आणि रविवारी या म्हटलं.

त्या रविवारी मी मुद्दाम संध्याकाळची वेळ निवडली. धावपट्टीच्या कडेला चार दिव्यांची ओळ असते, पापी म्हणतात. दोन पांढरे दोन लाल म्हणजे उंची बरोबर. लाल वाढले म्हणजे तुम्ही खाली आहात, चारही लाल म्हणजे फारच खाली. अंधारात मला बहुतेक वेळा दोनच दिवे दिसतात. एकटा असतो तेव्हा मी गणितानं उतरतो: तीन अंशांच्या उतारासाठी दर नॉटिकल मैलाला साधारण ३०० फूट, आणि ६५ नॉट्सला मिनिटाला सव्वातीनशे फूट खाली. लोहगाव समुद्रसपाटीपासून सुमारे १,९४० फुटांवर, ते मनात मिळवायचं. विंडोजमध्ये माझ्यासारख्यांसाठी रंग बदलणारा फिल्टरही आहे. एकदा लावला होता. सगळं शहर भलत्याच रंगाचं झालं. काढून टाकला.

पप्पा पलंगावर बसून दिवे सांगत होते.

“दोन लाल, दोन पांढरे.” मग, “तीन लाल झाले.” मी थोडं थ्रॉटल दिलं. “परत दोन.” डावीकडून वारा होता. मी पंख वाऱ्याकडे झुकवला, उजव्या पायानं नाक धावपट्टीच्या रेषेत धरलं. आधी डावं चाक टेकलं, मग उजवं. ब्रेक दाबले. खुर्ची हलली नाही.

पप्पा थोडा वेळ स्क्रीनकडे पाहत राहिले. मग विचारलं, “यात ग्लायडर आहे का रे?”

“आहे. विंचनं ओढायची सोयही आहे.”

ते उठून खुर्चीवर बसले. पाय पेडलपर्यंत नीट पोचत नव्हते, मी पेडल चार बोटं मागे ओढून दिली. त्यांनी खाली वाकून पाचही चपला तपासल्या आणि म्हणाले, “लाव.”