तुकडी बदलून द्या

जूनमध्ये शाळा उघडली की मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेर रांग लागते. ती प्रवेशासाठी नसते, तुकडीसाठी असते. आमची शाळा अनुदानित, मराठी माध्यमाची, पुण्यातल्या जुन्या भागातली. अ आणि ब तुकडी सेमी, क आणि ड पूर्ण मराठी. कागदावर फरक एवढाच की सेमीत गणित-विज्ञान इंग्रजीतून. प्रत्यक्षात अ मध्ये बँकवाल्यांची, प्राध्यापकांची, दुकानदारांची मुले आणि ड मध्ये पोळ्या लाटणाऱ्या बायकांची, वॉचमनची, रिक्षावाल्यांची. “सर, तुकडी बदलून द्या” म्हणणारे पालक ‘त्या मुलांबरोबर नको’ असे कधीच म्हणत नाहीत. “तिथलं वातावरण जरा…” एवढे बोलून वाक्य सोडून देतात. पुढे काय, असे विचारले की चिडतात.

*

त्यांना नाही म्हणणे सोपे नाही. आमचे पगार सरकार देते. पण वीजबिल, खडू, संगणकाची दुरुस्ती, मुलींच्या स्वच्छतागृहातला गळका नळ हे सगळे वेतनेतर अनुदानातून करायचे, आणि ते तुटपुंजे. वेळेवर येईल याचा भरवसा नाही. मग प्रोजेक्टर दिला कुणी? अ तुकडीतल्या एका पालकांनी. भिंतीवर त्यांच्या नावाची पाटी आहे. पाटीवाल्यांना नकार देताना मुख्याध्यापकांची जीभ जड होते. याला भ्रष्टाचार म्हणायची गरज नाही, भीड पुरते.

दुसरी गोष्ट पटाची. पट घसरला की संचमान्यतेत शिक्षकाचे पद जाते आणि आमच्यातला कुणीतरी ‘अतिरिक्त’ ठरतो. अ तुकडीतले पालक उद्या उठून सीबीएसई शाळेत जाऊ शकतात. ड वाले कुठे जाणार? म्हणून ऐकून घेतले जाते ते जाऊ शकणाऱ्यांचे. तरी या पालकांना मी सरसकट नावे ठेवणार नाही. परवडत असून मुलाला मराठी शाळेत ठेवणारी माणसे आता राहिलीत किती?

*

आठवीतली एक मुलगी मधल्या सुट्टीच्या जरा आधी पाणी प्यायला म्हणून उठायची. स्वयंपाकाच्या शेडमध्ये जाऊन पोषण आहाराची खिचडी स्वतःच्या स्टीलच्या डब्यात भरून घ्यायची, झाकण घट्ट लावायची आणि मग डबेवाल्या मैत्रिणींच्या घोळक्यात बसून तो डबा उघडायची. मैत्रिणींना कळत नव्हते असे नाही. शाळेच्या खिचडीचा पिवळा रंग लपत नाही. पण एकीनेही कधी विचारले नाही. उलट आपल्या डब्यातली भाजी तिच्याकडे सरकवायच्या. त्याच वर्षी पालकसभेत एका आईने मुद्दा काढला की फुकट खायची सवय लागते, खिचडी बंद करा. मुलींचा घोळका त्या सभेला हवा होता.

*

साताऱ्यात भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये वसतिगृह काढले. सगळ्या जातींची मुले तिथे एकत्र राहिली, एका पंगतीला जेवली. शंभर वर्षांनंतर पंगतीला उघड विरोध कुणी करत नाही. तुकड्या पाडल्या की पंगत आपोआपच वेगळी होते.

*

सहल. शाळेच्या सहलीला एसटी निम्म्या भाड्यात गाडी देते. तरी व्हॉट्सअॅप ग्रुपवर खासगी एसी बसचा आग्रह, आणि रायगडाऐवजी वॉटर पार्कचा. एकाने आग्रह धरला की पन्नास अंगठे वर येतात. ज्यांना परवडत नाही ते ग्रुपवर गप्प असतात. कित्येकांच्या घरात फोन एकच, तोही दिवसभर वडिलांबरोबर रिक्षात फिरतो. पैसे नाहीत असे मुले सांगत नाहीत. घरी पूजा आहे, आजी आजारी आहे, गावाला जायचे आहे असे सांगतात. सहलीच्या दिवशी ड तुकडीत इतके सत्यनारायण कसे काय निघतात, हे आता मी विचारत नाही.

*

महात्मा फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले त्यातली तक्रार अशी की महसूल भरतो शेतकरी आणि सरकार खर्च करते वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. कोठारी आयोगाने 1966 च्या अहवालात सगळ्यांसाठी समान शाळा आणि परिसरशाळा सुचवली. आमच्या परिसरात आज चार बोर्डांच्या शाळा आहेत. सकाळी सात वाजता एकाच गल्लीतून पिवळ्या बसगाड्या चार दिशांना जातात आणि ड तुकडी चालत येते.

*

आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याबद्दल जरा सविस्तर. 2009 च्या कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या पायरीवर 25 टक्के जागा गरीब व वंचित मुलांसाठी ठेवल्या. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2012 मध्ये ही तरतूद उचलून धरली. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने पळवाट काढली: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट. म्हणजे गरिबांनी आमच्याकडे यावे, बाकीच्यांनी तिकडे. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये हा बदल रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयातही तो निकाल टिकला.

दुर्बल घटकासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला एक लाख रुपये. महिन्याला 8,333. पुण्यात चार घरची धुणीभांडी करणारी बाई आणि तिचा वॉचमन नवरा मिळून यापेक्षा जास्त कमावतात. म्हणजे खरे सांगावे तर मूल अपात्र ठरते, आणि कमी उत्पन्नाचा दाखला काढून देणारे एजंट तहसील कचेरीबाहेर बसलेलेच असतात. यात खोटारडा कोण, हे ठरवायची मला घाई नाही.

खरी अडचण नववीत येते. आरटीईचे संरक्षण आठवीपर्यंत. चौदा वर्षांचे मूल आठ वर्षे ज्या वर्गात बसले तिथेच पुढे बसायचे तर पूर्ण फी. मग एखादी आई शाळा सोडल्याचा दाखला घेऊन आमच्याकडे येते. मागे अशीच एक आली. मुलगा फाडफाड इंग्रजी बोलणारा, इतिहासाचे मराठी पुस्तक मात्र अडखळत वाचणारा. अ तुकडीत जागा नव्हती. ड तुकडीतली मुले त्याला ‘इंग्लिश’ म्हणू लागली आणि जुन्या शाळेतल्या मित्रांच्या ग्रुपमधून तो स्वतःच बाहेर पडला. आईने मला विचारले, “सर, आठ वर्षं शिकवून मग बाहेर काढायचं होतं, तर घेतलं कशाला?” मी कायद्याचे कलम सांगितले. कलम तिलाही पाठ होते.

आमच्या शाळेतही रेघ तिथेच आहे. पोषण आहार आठवीपर्यंत, मोफत पुस्तके आठवीपर्यंत. मुलगा नववीत गेला की घर अचानक श्रीमंत होते, असा सरकारचा समज दिसतो. स्टीलच्या डब्यातली ती मुलगी नववीत गेल्यावर मधल्या सुट्टीत वाचनालयात बसू लागली.

*

स्टाफरूममध्ये हा विषय फार चालत नाही. आमच्यातल्या बहुतेकांची मुले इंग्रजी शाळांत आहेत. अलाहाबाद उच्च न्यायालयाने 2015 मध्ये उत्तर प्रदेशातल्या सरकारी नोकरांना आपली मुले सरकारी प्राथमिक शाळेत घालायला सांगितले होते. अंमलबजावणी झाली नाही. महाराष्ट्रात असा आदेश आला तर पहिली हरकत शिक्षकच घेतील, यावर पैज लावायला मी तयार आहे.

*

शेवटी एक कामाची गोष्ट. सरकारी, अनुदानित किंवा पालिकेच्या शाळेत आठवीत शिकणाऱ्या मुलांसाठी एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा असते. राज्य परीक्षा परिषद ती घेते. पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख, म्हणजे खोट्या दाखल्याची गरज नाही. यादीत नाव आले तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मुलाच्या खात्यात जमा होतात. अर्ज शाळेमार्फत भरायचा असतो आणि अनेक शाळांत तो वेळेवर भरलाच जात नाही. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या ताईंचे मूल यंदा आठवीत असेल, तर त्यांना आजच सांगा आणि जमले तर त्यांच्याबरोबर शाळेत जा. तुमच्यासमोर मुख्याध्यापक अर्ज शोधून काढतील.