तुंबडी, सुई आणि आंबील

आमच्या घरी औषधांचे कपाट असे फार वर्षे नव्हतेच. स्वयंपाकघरातील फडताळाची एक फळी होती. तीवर ओवा, सुंठ, हिंग, बाळहिरडा आणि मुरडशेंग यांच्या डब्या असत, व वरच्या कोनाड्यात, मुलांच्या हाती लागू नये म्हणून, फडक्यात गुंडाळलेला बिब्बा. पोट दुखले की ओवा, खोकला झाला की सुंठ आणि गूळ, आणि वैशाखाचे ऊन लागले की कैरीचे पन्हे, हे आमचे संपूर्ण वैद्यक. यवतमाळच्या मुलखात उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. तेव्हा शेतावर निघणाऱ्या माणसाच्या खिशात कांदा घालून देण्यात आमच्या आजीस कधी चूक झाली नाही. कांद्याने ऊन टळते किंवा नाही हा प्रश्न निराळा. कांदा देताना ती पाण्याचा तांब्याही पुढे करी, आणि आम्हांस आता वाटते की गुण त्या तांब्याचा असावा.

दारव्ह्याकडील आमच्या गावात दोन-चार महिन्यांनी वैदू येत. त्यांच्या झोळीत मुळ्या असत, आणि तुंबडी असे. आजीचा गुडघा धरला म्हणजे ती अंगणात पाय पसरून बसे, वैदू तुंबडी लावून हवा ओढून घेई, आणि थोड्या वेळाने कातडीवर लाल-काळे वर्तुळ उमटे. आम्ही मुले ते पाहून पळत असू. सुश्रुताने रक्तमोक्षणासाठी शिंग, जळू आणि अलाबू, म्हणजे भोपळा, ही साधने सांगितली आहेत, हे आम्हांस पुष्कळ पुढे कळले. 2016 साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये मायकल फेल्प्स या जलतरणपटूच्या खांद्यांवर तशीच वर्तुळे दिसली तेव्हा आमची नात म्हणाली, ‘आजोबा, ही चिनी विद्या आहे.’ आम्ही तिला आजीच्या गुडघ्याची हकीकत सांगितली. तिचा विश्वास बसला असे दिसले नाही.

चिनी विद्या आपल्याकडे कशी आली याचा धागा मात्र आपल्याच प्रांतातून जातो. 1938 साली जपानशी लढणाऱ्या चीनच्या साहाय्यास काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस सर्वांस ठाऊक आहेत. 1942 च्या डिसेंबरात, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते तिकडेच वारले, आणि 1946 साली शांतारामबापूंनी त्यांच्यावर चित्रपट काढला. त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकर होते, याची आठवण मात्र आम्हां वऱ्हाड-नागपूरकरांसही क्वचितच असते. कोटणीस स्वतः शस्त्रवैद्य होते, सुया टोचणारे नव्हते. सुयांची विद्या शिकून आले ते त्यांचे सहकारी, कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू, 1958 च्या सुमारास ते पुन्हा चीनमध्ये गेले होते. पुढे या उपचाराची केंद्रे निघाली, त्यांपैकी काहींस कोटणिसांचे नाव मिळाले, आणि 2015 साली महाराष्ट्राने अक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदाही केला.

या विद्येची माहिती वाचताना आम्हांस सर्वांत गोडी लागली ती तिच्यातील पथ्यापथ्याची. चिनी गृहिणीदेखील आपल्या गृहिणीप्रमाणेच अन्नाचे उष्ण आणि थंड असे भेद करते. तिच्याही मते आले उष्ण. कडक उन्हाळ्यात ती हिरव्या मुगाचे पातळ पाणी उकळून पाजते, आणि आजाऱ्यास तांदळाची पेज देते. आमच्याकडे त्या जागी ज्वारीची आंबील. रोपाचे नाव बदलते, सासू तीच! मात्र या साम्याने आम्ही जरा जास्तच हुरळलो, आणि ते आम्हांस महागात पडले असते.

दोन वर्षांपूर्वी चैत्रात आम्ही दादांकडे, म्हणजे आमच्या वडील बंधूंकडे, गावी गेलो होतो. रात्रीच्या जेवणानंतर त्यांच्या छातीत जळजळू लागले. ‘काही नाही रे बाबू, पित्त झालं,’ असे ते म्हणाले, आणि वहिनींनी थंड दूध आणले. मग त्यांस मळमळू लागले. आम्ही नुकतेच वाचले होते की मनगटाच्या घडीपासून तीन बोटे वर, दोन शिरांच्या मधोमध, नेइग्वान नावाचे स्थान आहे, आणि ते दाबल्याने मळमळ शमते. ही माहिती खोटी नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीत त्या स्थानाचा उपयोग होतो असे अनेक परीक्षांत दिसून आले आहे. आम्ही दादांचा हात मांडीवर घेतला आणि मोठ्या विद्वत्तेने ते स्थान दाबीत बसलो. मधून मधून त्यांस विचारीत होतो, ‘आता कसे वाटते?’ ते ‘बरे वाटते’ म्हणत. पाठच्या भावाचा हिरमोड करणे त्यांच्या स्वभावात नाही.

असा सुमारे दीड तास गेला. पुतण्या शेतावरून परतला, त्याने वडिलांचा सदरा घामाने भिजलेला पाहिला, जबडा दुखतो काय असे विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता मोटार काढली. यवतमाळला पोहोचेपर्यंत वहिनी एक शब्द बोलल्या नाहीत. हृदयाचा आलेख पाहून तेथील तरुण डॉक्टरांनी एवढेच विचारले, ‘दुखणे सुरू केव्हा झाले?’ उत्तर आम्हांस द्यावे लागले. हृदयाची रक्तवाहिनी तुंबते तेव्हा स्नायू मिनिटामिनिटाने मरत असतो, हे आम्हांस शाळेपासून माहीत होते. परंतु ते ज्ञान त्या रात्री पित्ताच्या पाठीमागे दडून बसले.

दादा वाचले. हृदयाचा काही भाग कायमचा दुबळा झाला आहे, आणि त्यांपैकी किती आमच्या दीड तासाच्या खात्यावर मांडावा, हे आम्ही डॉक्टरांस विचारलेले नाही. दादांनीही विषय काढला नाही. वहिनींनी एकदाच काढला. त्या म्हणाल्या, ‘भावजी, तुम्ही हात धरून बसला होता म्हणून ते घाबरले नाहीत.’ हे त्यांनी आमच्या समाधानासाठी म्हटले की खरेच तसे होते, हे आम्हांस अद्याप उमगलेले नाही.

गेल्या पावसाळ्यात दादांचा गुडघा धरला. आमच्या घराण्यात ते वंशपरंपरेने चालत आले आहे. जुनाट गुडघेदुखीवर सुयांनी काहीसा उतार पडतो, फार नव्हे, असे आमच्या वाचनात होते. परंतु या वेळी आम्ही तोंड मिटून बसलो. विषय दादांनीच काढला. प्रथम हृदयाच्या डॉक्टरांस विचारले. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे हे सुई टोचणाऱ्यास आधी सांगा, अशी ताकीद त्यांनी दिली. त्याप्रमाणे कागदावर लिहून दिले. सुया केसासारख्या बारीक होत्या. दादांस दहा बैठकांत जिना उतरण्यापुरता आराम पडला, आणि पुढच्या बैठका त्यांनी पैसे वाचविण्यासाठी बंद केल्या.

सकाळी ते अजून आंबील घेतात, मीठ मात्र नावापुरते. फडताळाची ती फळी जागच्या जागी आहे. ओव्याच्या डबीशेजारी वहिनींनी एक पुठ्ठा टेकवून ठेवला आहे, त्यावर रुग्णवाहिकेचा 108 हा आकडा मोठ्या अक्षरांत लिहिलेला आहे; आणि आम्ही गावी गेलो म्हणजे आमची खोली त्या फडताळाच्या समोरचीच असते.