फोटोत आपसूक आलेलं

रस्त्यावरच्या छायाचित्रणाचा विषय निघाला की फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ आणि त्याचा 'निर्णायक क्षण' हटकून येतात. नेमक्या वेळी बटण दाबणं हीच या कलेची कसोटी, असं मग धरून चाललं जातं. मला ते अर्धंच पटतं. पॅरिसच्या सां-लाझार स्टेशनामागे १९३२ साली त्याने टिपलेला, साचलेल्या पाण्यावरून उडी मारणारा माणूस या कसोटीचा दाखला मानतात. पण कुंपणाच्या फटीतून लेन्स घातल्यामुळे आपल्याला नीट दिसतच नव्हतं, असं खुद्द ब्रेसाँनेच पुढे सांगितलं. मागच्या पोस्टरवरची नाचरी आकृतीही तशीच झेपावते आहे, आणि फोटोची निम्मी गंमत तिच्यात आहे. अशा फोटोचं मोल पुष्कळदा आगंतुकपणे चौकटीत शिरलेल्या गोष्टींवर ठरतं, आणि तेही उशिरा.

छायाचित्रकार रघु राय यांचं चर्चगेट स्टेशनचं १९९५चं छायाचित्र घ्या. मंद शटरमुळे गर्दी वाहून जाते, वर्तमानपत्र वाचणारे तेवढे स्थिर. तेव्हा दाद मिळाली असेल ती या तंत्राला. आज नजर आधी जाते त्या पसरलेल्या वर्तमानपत्रांकडे, कारण लोकलच्या प्रवाशाच्या हातात आता मोबाइल आहे. राय काही वर्तमानपत्राचा मृत्युलेख लिहायला तिथे गेले नव्हते. छायाचित्रकार एझेन आत्जे तर जुन्या पॅरिसमधली दुकानं, जिने, फेरीवाले टिपून चित्रकारांना आणि संग्रहालयांना निव्वळ संदर्भ म्हणून विकायचा. १९२७ साली तो वारला. त्याची थोरवी जगाला नंतर उमगली.

मग चौकातला सीसीटीव्हीच सर्वांत थोर छायाचित्रकार म्हणायचा का? नाही. कुठे उभं राहायचं, कोणत्या उजेडासाठी थांबायचं, हे माणूस ठरवतो, म्हणूनच आगंतुकालाही चौकटीत जागा मिळते. न विचारता अनोळखी माणसाचा फोटो का काढावा, हा परवानगीचा आक्षेप मात्र जड आहे. फूटपाथवर झोपलेल्याला दार नाही, म्हणून त्याचा चेहरा सगळ्यांच्या मालकीचा होत नाही. माझ्याकडे याचं पुरतं उत्तर नाही. पण मोल जर भोवतालच्या शहरात असेल, तर कुणाच्या दैन्यावर लेन्स रोखायचं कारण उरत नाही, चार पावलं मागे सरता येतं. फोनचा 'पोर्ट्रेट मोड' नेमकं उलटं करतो: चेहरा लखलखीत, आणि मागची पाटी, टपरी, बसथांबा धूसर. (वीस वर्षांनी कुणीतरी नेमकी तीच पाटी शोधत येईल.) रस्त्यावर फोटो काढताना तो मोड बंद ठेवा, आणि फोटोसोबत ठिकाण अन् तारीख लिहून ठेवा.