आदल्या रातीचं प्रस्थान

"काहून बाप्पा, एका रातीसाठी एवढे पैसे कायले घालून राह्यली?" भाऊजी अमरावतीच्या गाडगेनगरातून बोलत होते, पण आवाज अकोल्यात आमच्या शेजारच्या दोन घरांना ऐकू जात होता. "अंबा एक्स्प्रेस सकाळी मुंबईले पोचते. जहाज संध्याकाळी सुटते. स्टेशनवर तोंड धू, चहा पी, टॅक्सीत बस. झालं!"

हिशेब बिनचूक होता. भाऊजींची सारी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, त्यामुळे कुठलं पाणी किती वाजता कुठे पोचेल हे त्यांना कळतं. पण जहाज म्हणजे एसटी नव्हे. एक चुकली तर पारावर बसावं आणि मागची धरावी, तशी सोय समुद्रावर नाही. तिकिटासोबत आलेल्या कागदावर लिहिलं होतं की जहाज सुटण्याच्या बऱ्याच आधी चेक-इनची खिडकी बंद होते. वऱ्हाडातून निघालेल्या माणसासाठी मधे एक अख्खी रात्र, भुसावळ आणि कसाऱ्याचा घाट असतो. मी म्हटलं, आपण एक दिवस आधी जायचं. बंदराजवळ हॉटेल घ्यायचं.

ताई आणि भाऊजी अमरावतीहून बसणार, आम्ही दोघं अकोल्याला चढणार. मुंबई ते गोवा, तिथून लक्षद्वीप आणि परत. आम्हा चौघांतल्या एकानंही तोवर रेवसच्या लाँचपेक्षा मोठी बोट पाहिली नव्हती.

हॉटेलचा शोध मी महिनाभर आधी सुरू केला, आणि पहिला अडथळा आला तो घरातूनच. ह्यांचा पुतण्या डोंबिवलीला राहतो. आपल्याकडे शहरात घरचं माणूस असताना हॉटेलात उतरणं म्हणजे त्या माणसाशी भांडण उकरून काढणं. "काकू, घर असताना हॉटेल?" असं तो तीनदा म्हणाला. त्याला समजावलं, की बाबा, परतताना दोन दिवस तुझ्याकडेच आहोत. पण जाताना चार बॅगा आणि चार म्हातारी माणसं घेऊन सकाळच्या लोकलला लटकायचं वय राहिलं नाही. तेव्हा कुठे त्यानं सोडलं.

दुसरा अडथळा होता बंदर नेमकं कुठे हा. ह्यांच्या आत्या खात्रीनं म्हणाल्या, "बोट भाऊच्या धक्क्यावरून सुटते." त्यांच्या काळात सुटायचीही. आजही मांडव्याची रोरो तिथूनच जाते. क्रूझ मात्र तिथून नाही, ती बॅलार्ड पिअरहून सुटते आणि तिथे जायचं ते ग्रीन गेटमधून. मुंबईच्या गोदीची भिंत फोर्टपासून वडाळ्याकडे मैलोगणती जाते आणि तिच्या दरवाजांना रंगांची नावं आहेत: ग्रीन, रेड, ब्लू, ऑरेंज, यलो. हे कळल्यावर नकाशाकडे बघायची माझी नजरच बदलली. पी. डिमेलो रोडवरचं एक लॉज नकाशात पाण्याला अगदी चिकटून दिसत होतं, भाडंही परवडणारं. पण मधे भिंत! पाणी हाताच्या अंतरावर आणि दरवाजा भलतीकडे. "समुद्र दिसणारी खोली" म्हणणाऱ्या आणखी एका ठिकाणी फोन केला. खिडकीतून नेमकं काय दिसतं, असं खोदून विचारल्यावर पलीकडचा माणूस जरा थांबून म्हणाला, "मॅडम, गोडाऊनचे पत्रे दिसतात. त्यांच्या मागे समुद्र आहे."

मग मी चार प्रश्न कागदावर लिहूनच काढले. लिफ्ट आहे का? सकाळी सातला आलो तर खोली मिळेल का, की बारापर्यंत बाकावर बसवाल? दुसऱ्या दिवशी खोली सोडल्यावर दुपारपर्यंत सामान ठेवाल का? आणि ग्रीन गेटला जायला टॅक्सी किती वेळ घेते? फोर्टातल्या एका जुन्या हॉटेलानं चारही प्रश्नांना सरळ उत्तरं दिली. भाडं लॉजच्या दीडपट होतं. भाऊजींना मी फक्त लिफ्टबद्दल सांगितलं.

गाडी सकाळी सीएसएमटीला लागली. बाहेर आल्यावर एक गंमत कळली: हॉटेल फार जवळ असणं हासुद्धा एक दोष आहे. पहिल्या तीन टॅक्सीवाल्यांनी फोर्ट म्हटल्यावर मान फिरवली. इतक्या जवळचं भाडं त्यांना नको होतं. चौथ्याला थोडे जास्त कबूल केले तेव्हा त्यानं बॅगा उचलल्या. भाऊजींनी ते जास्तीचे पैसेही वहीत लिहून घेतले.

आंघोळी आटोपून आम्ही सगळे पायी बॅलार्ड इस्टेटमध्ये गेलो. रुंद रस्ते, सगळ्या इमारती एका मापाच्या, दगडी, अबोल. गेटवे ऑफ इंडियाचा आराखडा करणाऱ्या जॉर्ज विटेटनं ही वसाहत आखली. तेव्हाची अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आजची इंदिरा गोदी, 1914 मध्ये सुरू झाली. तिच्या खोदकामातून निघालेल्या मातीचा भराव घालून ही जमीन तयार केली. भाऊजी बुटाच्या टोकानं फरशी ठोकत म्हणाले, "म्हन्जे धरनाची माती कालव्याच्या भरावाले, तसंच." मग साहेबाचा कारभार त्यांना एकदम पटला. इथे पूर्वी बॅलार्ड पिअर मोल नावाचं रेल्वे स्टेशनही होतं. 1928 साली सुरू झालेली फ्रंटियर मेल विलायतेच्या बोटीनं आलेल्या साहेबांना धक्क्यावरूनच उचलून पेशावरकडे न्यायची. बोटीतून उतरलं की गाडीत. "पाह्य!" भाऊजी म्हणाले, "त्याहिले हॉटेल लागत नव्हतं." मी म्हटलं, "भाऊजी, त्यांची गाडी बोटीची वाट पाहायची. आपली बोट गाडीची वाट पाहत नाही."

पण सगळ्यांचंच काही साहेबासारखं नव्हतं. या बंदरावर वऱ्हाडातून आमच्या कितीतरी आधी कापूस आला. माझं माहेर मूर्तिजापूरचं. यवतमाळहून आणि अचलपूरहून येणारी शकुंतला आमच्या स्टेशनात मोठ्या रुळांना भेटायची. ती छोटी गाडी घातलीच होती कापसासाठी. 1867 मध्ये मोठी रेल्वे नागपूरला पोचली आणि आपल्या काळ्या मातीतला कापूस थेट मुंबईच्या गोदीशी जोडला गेला. पण गाठीसुद्धा वाघिणीतून सरळ जहाजात जात नसत. त्यांनाही मुक्काम लागायचा: आधी कुलाब्याला, मग शिवडीला. शिवडीजवळच्या हार्बर लाइनच्या स्टेशनाचं नाव आजही कॉटन ग्रीन आहे. तोल, प्रत, भाव ठरून जहाजाची वेळ येईपर्यंत आपला कापूस तिथे थांबायचा.

संध्याकाळी क्रॉफर्ड मार्केटकडे गेलो तेव्हा वाटेत साबू सिद्दीक मुसाफिरखाना दिसला आणि मला अकोल्याच्या आमच्या शेजारच्या आपा आठवल्या. त्यांचे सासू-सासरे बोटीनं हजला गेले होते. मुंबई ते जेद्दा हा समुद्रमार्ग 1995 मध्ये बंद झाला. त्याआधी बोटीनं जाणारे यात्रेकरू आधी मुंबईत येऊन थांबायचे. आपा सांगायच्या, घरातली अर्धी माणसं नुसती निरोप द्यायला मुंबईला गेली होती. बोट सुटेपर्यंत सगळे एकत्र जेवत होते, रडत होते, पुन्हा जेवत होते. बोटीवर चढायच्या आधीच सासूबाईंचं निम्मं हज त्या मुक्कामात झालं, असं त्यांचं म्हणणं.

रात्री खोलीत ताईनं डबा उघडला. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मिरचीचा ठेचा. बाहेरचं खाणं जहाजावर चालणार नव्हतं, म्हणून सगळं इथेच संपवायचं होतं. पलंगावर वर्तमानपत्र अंथरून चौघं जेवलो. खिडकीतून रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड येत होता. एरवी दशमी आम्ही गाडीत हलत हलत खातो. त्या रात्री सावकाश खाल्ली. ठेच्यानं ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ताई म्हणाली, "आता पाच-सहा दिवस आपल्या हातचं काई नाई." कोणी काही बोललं नाही. शेवटची दशमी चौघांत वाटून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी सगळ्यांच्या आधी उठले आणि मोबाइलवर अंबा एक्स्प्रेसची वेळ पाहिली. मग विजयी मुद्रेनं सगळ्यांना उठवलं. "पाह्य! आजची गाडी बी टाइमावर आली. आज आलो असतो तरी पोचलो असतो!" खरंच होतं. रात्रीचे पैसे वहीच्या हिशेबानं वाया गेले होते.

उत्तर मला तेव्हा सुचलं नाही. ते दहा वाजता काउंटरवर सापडलं. खोली सोडली, जेवायला बाहेर पडायचं होतं, म्हणून बॅगा हॉटेलात ठेवायला दिल्या. तिथल्या मुलानं चारही बॅगांना चिठ्ठ्या बांधल्या आणि नंबराचे बिल्ले हातात दिले. बिल्ला पाहताच मला माझी आई आठवली. बाबांना परगावी जायचं असलं आणि मुहूर्त आदल्या दिवशीचा असला, तर आई तांदूळ, सुपारी आणि बाबांचा एक पंचा गाठोड्यात बांधायची आणि मुहूर्तावर शेजारच्या काकूंकडे नेऊन ठेवायची. त्याला प्रस्थान ठेवणं म्हणायचे. गाठोडं दुसऱ्याच्या घरी गेलं की माणूस निघाला. मग तो घरात बसून वरण-भात खात असला तरी आई त्याला नवीन काम सांगत नसे, दुखरं बोलत नसे. "थे आता निघाले," म्हणायची. आम्हाला हसू यायचं. निघालेला माणूस ओसरीवर पान जमवत बसलेला!

मी बिल्ले भाऊजींच्या हातावर ठेवले. "हे आपलं प्रस्थान. काल सकाळीच ठेवलं."

भाऊजींनी बिल्ले उलटसुलट करून पाहिले. त्यांच्या आईनंही असं गाठोडं ठेवलं असणार. अमरावती काय, मूर्तिजापूर काय. वही काढून त्यांनी पान उलटलं, आणि हॉटेलाच्या आकड्यापुढे काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते दाखवलं नाही.

दुपारी टॅक्सीनं ग्रीन गेटमधून आत सोडलं. 2025 च्या सप्टेंबरात उद्घाटन झालेली क्रूझ टर्मिनलची नवी इमारत विमानतळासारखी लखलखत होती आणि तिच्यामागे पांढरंशुभ्र जहाज उभं होतं. नाव एम्प्रेस, बांधणी 1990 ची, आधी परदेशी कंपनीकडे. "सेकंडहँड हाय," भाऊजी म्हणाले, पण मान मागे टाकून वर बघता बघता त्यांची टोपी पडली.

रांगेत आमच्या पुढे एक कुटुंब धावत आलं. घामाघूम, बाळ रडतंय, बाप कागद शोधतोय. ते आताच स्टेशनवरून थेट आले होते. खिडकी अजून उघडीच होती. ते पोचले होते. पण ते अजून निघायचे होते. भाऊजींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि बाळाच्या आईची बॅग उचलून रांगेत पुढे सरकवली.