एकेरी हाक

ती. आप्पांना शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही चिडलात ते मनातून जात नाही. “आता माणसानं तोंड उघडायचं का नाही? हे म्हणू नका, ते म्हणू नका. जन्मभर बोलत आलो तसंच बोलतो, त्यात वाईट हेतू कुठं असतो?” तिथल्या तिथे उत्तर दिलं असतं तर माझाही आवाज चढला असता. म्हणून लिहिते आहे, म्हणजे तुम्हाला सावकाश वाचता येईल.

तुमच्या हेतूबद्दल मला कधीच शंका आली नाही. १९७२ च्या दुष्काळात अख्ख्या गावाबरोबर तुम्हीही खडी फोडायला गेलात, सुकडीसाठी सगळ्यांच्या रांगेत बसलात, हे तुमच्याच तोंडून ऐकलंय. दलित वस्तीवर कुणाचं दुखलंखुपलं तर रात्री-अपरात्री गाडी काढणारे तुम्हीच. ज्याच्या मनातच अढी आहे, त्याच्याशी मी शब्दांवरून बोलत बसले नसते.

आप्पा, आपण वढूची माणसं. शब्दाला वजन किती असतं, हे बाहेरून येऊन कुणी आपल्याला शिकवायला नको. संभाजी महाराजांच्या समाधीमुळे आपलं गाव महाराष्ट्राला माहीत आहे. एखादा पाहुणा गाडीची काच खाली करून विचारतो, “संभाजीची समाधी कुठं आली?” वाट दाखवायच्या आधी तुम्ही त्याचं वाक्य दुरुस्त करता: “संभाजी महाराजांची म्हणा.” त्या माणसाच्या मनात अनादर नसतो. तो माथा टेकवायलाच एवढ्या लांबून आलेला असतो. तरी ते एकेरी तुम्हाला बोचतं, आणि ते बोचणं खरं आहे. तिथे तुम्ही त्याचा हेतू विचारत नाही.

संभाजी बिडीचंही तेच. कितीतरी वर्षं ते नाव बंडलावर होतं. विकणाऱ्याच्या किंवा ओढणाऱ्याच्या मनात महाराजांचा अपमान करायचं आलंही नसेल. पण थोटूक पायाखाली चिरडलं जातं, बंडलाचा कागद गटारात जातो, तिथे हे नाव नको असं लोक म्हणू लागले. आंदोलनं झाली आणि २०२१ मध्ये पुण्याच्या साबळे वाघिरे कंपनीनं नाव बदलून ‘साबळे बिडी’ केलं. “हे आधीच व्हायला पाहिजे होतं,” असं तुम्ही म्हणालात. जन्मभर हेच नाव घेत आलो, आता कशाला बदलायचं, असं तुमच्या मनातही आलं नाही. २०२२ च्या डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात अजित पवार म्हणाले की महाराजांना धर्मवीर नाही, स्वराज्यरक्षक म्हणावं, तेव्हाही राज्यभर आंदोलनं झाली. दोन्ही शब्द आदराचेच, तरी कुठला लावायचा यावरून माणसं रस्त्यावर आली.

आणि त्याच्या आधीचं तर लिहिताना हात जड होतो. २०१७ च्या डिसेंबरअखेर, ज्यांनी महाराजांवर अंत्यसंस्कार केले असं मानतात त्या गोविंद गोपाळांच्या समाधीजवळच्या फलकावरच्या मजकुरावरून वाद पेटला, समाधीची नासधूस झाली. १ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगाव परिसरात जो हिंसाचार झाला तो साऱ्या देशानं पाहिला. महाराजांवर अंत्यसंस्कार करण्याचं धाडस कुणी केलं, फलकावर कुणाच्या पूर्वजाचं नाव लिहायचं, असा तो वाद. बाहेरच्यांना दोन ओळींचा वाटला असेल. पण पूर्वजाचं नाव फलकावर असणं म्हणजे आपण या गावाचे असणं, हे दोन्हीकडच्या माणसांना कळत होतं. शब्दांचं एवढं काय घेऊन बसलात, हे वाक्य वढूत तरी कुणी म्हणू नये.

म्हणून मला वाटतं, जे आपल्याला बोचतं ते दुसऱ्यालाही बोचतं, एवढं आपण धरून चालावं.

मराठीत मान क्रियापदात असतो, आप्पा. तुमच्या बरोबरीचे, कदाचित तुमच्याहून मोठेच, नातवंडांचे धनी झालेले गृहस्थ वस्तीवरून आपल्या ओट्यावर येतात. तुम्ही म्हणता, “ये रे, बस.” नुकतं मिसरूड फुटलेला आपला धाकटाही त्यांना “ए” करून हाक मारतो. त्याच वेळी एखाद्या पुढाऱ्याचा विशीतला पोरगा आला की “या, बसा, चहा घ्या.” आपल्यातल्या म्हाताऱ्यांना गेणबा, धोंडीबा म्हणतात. तीच नावं वस्तीवर गेली की गेण्या, धोंड्या होतात. यात शिवी नाही, जातीचं नाव नाही, पोलिसात द्यावं असं काही नाही. म्हणूनच याची कुणी दखल घेत नाही, आणि ज्याला रोज ऐकावं लागतं त्याला तक्रारही करता येत नाही. सुकडीच्या रांगेत सगळे एक झाले होते, पण रांगेतून उठल्यावर हाक मारायची रीत पुन्हा होती तशीच राहिली.

ऊसतोडीचं बघा. आपल्या शिरूर-दौंडच्या पट्ट्यात हंगाम सुरू झाला की बीडकडून, नगरकडून टोळ्या उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. “मुकादमानं यंदा किती कोयते आणले?” असं आपण सहज विचारतो, आणि उत्तरही आकड्यात येतं. उचल कोयत्यावर ठरते, हिशेब कोयत्यावर होतो, त्यामुळे बाईची मजुरी वेगळी मोजलीच जात नाही. पहाटे फडात उतरायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडी भरायची, पाचटाच्या कोपीत परतून चूल पेटवायची, आणि वहीत असायचं ते अर्ध्या हत्यारासारखं. त्या बाईला नाव असतं, आडनाव असतं. आपल्या फडात उतरणाऱ्यांपुरतं तरी कोयते किती न म्हणता माणसं किती, बाया किती, असं विचारता येईल. वहीत बाईची ओळ वेगळी झाली तर तिचा पैसा तिच्या हातात मागता येईल.

तुम्ही म्हणता, हे सगळं पुण्या-मुंबईच्या शिकलेल्यांनी काढलेलं खूळ आहे. तसं नाही. जानेवारी १९३८ ची गोष्ट. मुंबईच्या विधानसभेत लोकल बोर्डांच्या कायद्यात दुरुस्ती चालली होती आणि त्यात अस्पृश्यांसाठी ‘हरिजन’ हा शब्द होता. शब्द गोड, आणि त्याच्यामागे गांधीजींचा जिव्हाळा. पण बाबासाहेब आणि त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या सदस्यांना तो मान्य नव्हता. त्यांच्यासाठी नाव दुसऱ्यांनी ठरवायचं, हेच त्यांना नको होतं. बहुमतानं शब्द कायम झाला आणि ते सगळे सभागृहातून उठून गेले. ‘दलित’ हा शब्द मात्र लोकांनी स्वतः उचलला, १९७२ मध्ये दलित पँथरनं तो अभिमानानं मिरवला. पुढे २०१८ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण खात्यानं वाहिन्यांना तो टाळायला सांगितलं, तेव्हा चळवळीतल्या अनेकांनी विरोध केला. अपंगांना ‘दिव्यांग’ म्हणा असं २०१५ मध्ये पंतप्रधानांनी सुचवलं, सरकारी कागदांवर ते आलंही. काहींना बरं वाटलं, काही म्हणाले आमच्यात दिव्य काही नाही, जिन्याशेजारी उतार बांधा. म्हणजे शब्द गोड की कडू हे बोलणाऱ्यानं ठरवायचं नसतं, ज्याला लावायचा त्याला विचारायचं असतं. विचारायला लाज कसली?

आणि मुद्दाम शब्द बदलायचे नसतात, असं तुम्ही कसं म्हणता? राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंत्यांकडून राज्यव्यवहारकोश करून घेतला. कारभारात रुळलेल्या फारसी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले. लोकांच्या तोंडात पिढ्यान् पिढ्या बसलेले शब्द होते ते. तरी राज्य आपलं झालं तर बोलणंही आपलं व्हावं, असं त्यांना वाटलं. वस्तीवरची माणसं वेगळं काय करतात? त्यांच्या आज्या-पणज्यांना वाकून ‘जोहार’ घालावा लागे. तो टाकून त्यांनी ‘जय भीम’ धरला. तुम्हाला कुणी जय भीम घातला की तुम्ही ‘रामराम’ म्हणता. त्यात वाईट काही नाही, पण समोरच्यानं दिलं तेच परत करून पाहा. तुमची वारी काही बुडत नाही त्यानं.

म्हणींची तुम्हाला काळजी वाटते, ते मला समजतं. तुमच्यासारखं नेमक्या जागी म्हण टाकणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही. पण दहातल्या सात-आठ म्हणींत कुणाच्या जातीला, कुणाच्या डोळ्याला, कुणाच्या रांडपणाला हात घातलेला नसतो. त्या ठेवा. उरलेल्या दाते-कर्वे यांच्या वाक्संप्रदाय कोशात छापलेल्या आहेत, अभ्यास करणाऱ्याला तिथे सापडतील. तेवढ्यानं मराठी गरीब होणार नाही.

तुमचं एक म्हणणं मात्र मला पुरतं पटतं. नुसते शब्द बदलून भागत नाही. इथे पुण्यात जातीचं नाव तोंडातून काढणारं कुणी भेटत नाही, बोलणं कसं अगदी स्वच्छ. पण भाड्यानं खोली बघायला गेलं की, “पूर्ण नाव काय? आडनाव? मूळ गाव कुठलं?” आणि आडनाव कळल्यावर खोली अचानक आधीच दिलेली असते. माझ्या मैत्रिणीच्या बाबतीत हे माझ्यासमोर घडलंय. तुमच्या “ये रे, बस”मध्ये निदान बसायला जागा तरी असते. पण म्हणून ते “ये रे” बरोबर ठरत नाही. जागा द्यावी आणि मानही द्यावा, दोन्ही एकाच माणसाला करता येतं.

सरकारनंही अर्धंच काम केलं. २ डिसेंबर २०२० ला मंत्रिमंडळानं ठरवलं की वस्त्यांची, रस्त्यांची जातीवाचक नावं जातील. महारवाडा, ब्राह्मणवाडा, माळी गल्ली अशी नावं काढून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी द्यायची. चांगलंच झालं. मुलाच्या दाखल्यावर पत्त्यात जात उमटायची, ते थांबलं तर त्याचा नोकरीचा अर्ज उघडणाऱ्याला निदान पत्त्यावरून काही कळणार नाही. पण पाटी ग्रामपंचायत बदलू शकते, ओट्यावरची हाक बदलू शकत नाही. ती तुमच्याच हातात आहे, आणि तुमचं बघून धाकटा शिकेल. तो माझं ऐकत नाही, तुमचं ऐकतो.

आता दादाच्या लग्नाच्या पत्रिकेचं. तुम्ही पाठवलेला मजकूर वाचला. आत्याच्या नावामागे ‘गं. भा.’ घातलंय. तो मानाचा शब्द आहे असं तुम्ही म्हणाल. २०२३ मध्ये त्या वेळचे महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनीही विधवांसाठी ‘गंगा भागीरथी’ वापरण्याचा विचार पुढे आणला होता. बायांनीच त्याला विरोध केला आणि ते तिथेच राहिलं. त्याच्या आदल्याच वर्षी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद करण्याचा ठराव केला होता, आणि बाकीच्या गावांनीही तसं करावं म्हणून सरकारनं परिपत्रक काढलं होतं. आप्पा, काकी गेल्या त्याला इतकी वर्षं झाली, काका पत्रिकेत ‘श्री.’ होते आणि ‘श्री.’च आहेत. त्यांच्या नावामागे त्यांचं दुःख कुणी छापलं नाही. मग आत्याचं का छापायचं? आतोबा गेल्यावर तिनं पाच एकर एकटीनं सांभाळली, दोन्ही पोरं शिकवली, सोसायटीचं कर्ज फेडलं. ती तुमची लेक आहे, दादाची आत्या आहे, एवढं पत्रिकेला पुरेसं आहे.

आणि निमंत्रकांत आईचं नाव वडिलांच्या नावाशेजारी पूर्ण छापा, ‘सौ. व श्री.’ मध्ये अर्धं गुंडाळू नका. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव वडिलांच्या आधी येतं. दादा त्याच्या कितीतरी आधी जन्मला म्हणून काय झालं!

वस्तीवरच्या, म्हणजे आताच्या समतानगरच्या, घरांना पत्रिका द्यायला धाकट्याला एकट्याला पाठवू नका, तुम्ही बरोबर जा. पाकिटावर ज्याचं त्याचं पूर्ण नाव लिहा, श्री. लावून, आपल्या भावकीच्या पाकिटांवर लिहिता तसं.

आत्याच्या बाबतीत माझंही ऐकू नका. श्रीमती हवं, की नुसतं नाव हवं, की तिला स्वतःला ‘गं. भा.’च हवं, ते तिलाच विचारा. प्रेसवाला गुरुवारी मजकूर मागतो आहे. ती दुपारी दोनच्या आत शेतातून येत नाही आणि तिकडे फोनला रेंज नसते, तेव्हा संध्याकाळी लावा.

तुमची लाडकी नात