दांत्यांचा हिशेब

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलगाडींतून वाचक कधीं गेला असेल, तर वडगांव मागें पडल्यावर व कामशेत येण्यापूर्वीं एक लहानसें स्थानक त्याच्या दृष्टीस पडलें असेल. तेंच आमचें कान्हे. गाडी तेथें क्षणभर टेकते, शाळेचीं मुलें चढतात-उतरतात, आणि ती पुढें चालूं लागते. पाहण्यासारखें असें परक्यास येथें कांहीं आढळणार नाहीं. भाताचीं खाचरें, त्यांपलीकडे डोंगर, आणि अहोरात्र धांवणाऱ्या आगगाड्या. आमची हकीकत ह्या खाचरांची व ह्या आगगाड्यांचीच आहे. मात्र तिचा आरंभ एका खेळण्यापासून झाला.

दिवाळीच्या सुटींत आमच्या मामांनीं आपल्याजवळची एक जुनी मोटारगाडी आम्हां दोघां भावांस दिली. हातांतल्या यंत्रावरून रेडिओच्या लहरींनीं ती चालते. लांबी हातभराहून थोडी अधिक. चाकें मात्र सोललेल्या नारळाएवढीं. तिला खेळणें म्हणावें, तर पोटांत खरेंखुरें इंजिन आहे. त्याचा दट्ट्या अंगठ्याच्या पेराहून मोठा नाहीं, पण भरांत आला म्हणजे मिनिटास तीस हजारांवर फेरे देतो. इंधन म्हणजे मेथनॉल, नायट्रोमेथेन व तेल यांचें मिश्रण. ठिणगी पाडणारा प्लग त्यांत नसतो. प्लॅटिनमच्या तारेचें एक इवलेंसें वेटोळें असतें. तें प्रथम बॅटरीनें तापवून द्यावें लागतें, मग मेथनॉलच्या संगतीनें तें आपलें आपणच लाल राहतें. (पालकांसाठीं एक गोष्ट येथेंच सांगून ठेवतों. मेथनॉलची ज्योत दिवसा उजेडीं डोळ्यांस दिसत नाहीं. म्हणून मोठें माणूस जवळ असल्याखेरीज ही बाटली उघडावयाची नाहीं, असा आमच्या घरचा दंडक आहे.)

इंजिनाचा जोर चाकांपर्यंत कसा पोंचतो, हें सांगितल्यावांचून पुढील गोष्ट कळणार नाहीं. इंजिनाच्या दांड्यावर क्लचचे दोन-तीन तुकडे असतात. वेग वाढला कीं ते बाहेर फेंकले जाऊन भोंवतीच्या वाटीस घट्ट धरतात व तिला आपल्याबरोबर फिरवितात. ह्या वाटीस क्लच-बेल म्हणतात, आणि तिच्या एका टोंकास लहानसें दातेरी चाक असतें. आमच्या गाडींत त्याला १५ दांते होते. तें चाक ४५ दांत्यांच्या एका मोठ्या प्लॅस्टिकच्या चाकास फिरवी. तेथून जोर दोन गिअरांच्या पेटींत, मग पुढच्या व मागच्या डिफरन्शिअलांत, आणि शेवटीं चाकांत.

आमची गाडी चांगली चाले. पण शाळेंत विज्ञानप्रदर्शन होणार होतें, आणि वर्गांतील एका मित्राची बॅटरीवरची गाडी मैदानावर आमच्या गाडीस हटकून मागें टाकी. लहान चाकास अधिक दांते दिले म्हणजे गाडी अधिक धांवते, असें आमच्या वाचनांत आलें होतें. अठरा दांत्यांची क्लच-बेल व तिच्याबरोबर लागणारें किरकोळ सामान मिळून अठराशें रुपये पडणार होते. आम्हीं आईकडे मागितले. ‘प्रदर्शनासाठीं हवेत,’ असें सांगितलें, तें खरें होतें; ‘गाडी बिघडली आहे,’ असेंही सांगितलें, तें खोटें होतें. इंद्रायणी तांदूळ नुकताच विकला गेला होता. त्या पैशांतून तिनें कांहीं न विचारतां नोटा काढून दिल्या. तिनें विचारलें असतें तर बरें झालें असतें, असें आम्हांस मागाहून अनेकदां वाटलें.

नवें चाक बसविलें आणि गांवाबाहेरच्या सपाट रस्त्यावर गाडी सोडली. ती अशी कांहीं सुटली कीं आम्ही दोघेही ओरडलों! तो आनंद एक दिवस टिकला. प्रदर्शनांत मातीच्या उंचवट्यावर गाडी चढवून दाखवावयाची होती, म्हणून दुसऱ्या दिवशीं कापणी झालेल्या खाचरांत तिला नेलें. जमिनींत भाताचीं धसकटें, मध्यें बांध. पहिल्याच बांधास इंजिन कण्हूं लागलें. क्लच जळाल्याचा उग्र वास सुटला. इंजिनाच्या माथ्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहिला. एरव्हीं तो उकळून जावयास तीन-चार सेकंद लागत. आतां चर्र करून तत्काळ नाहींसा झाला. एवढ्यानें थांबावयास हवें होतें. आम्हीं आणखी एकदां जोर दिला, आणि खर्र असा आवाज होऊन गाडी जागच्या जागीं उभी राहिली. उघडून पाहतों तों मोठ्या चाकाचे एका अंगाचे दांते साफ सोलून निघालेले.

आमचे आबा रेल्वेंत इंजिनचालक होते. त्यांच्या नोकरीचीं बहुतेक वर्षें बोरघाटांत गेलीं. आतां त्यांस फारसें ऐकूं येत नाहीं, परंतु आम्ही काय लपवितों आहों हें त्यांस नेहमीं कळतें. ओट्यावर बसून त्यांनीं तें मोडकें चाक मागून घेतलें आणि अंगठ्याच्या नखानें उरलेले दांते मोजले.

“पूर्वीं धाकट्या चाकाला किती होते रे?”

“पंधरा, आबा.”

“आणि आतां?”

“अठरा.”

“मग हिशेब करा कीं! शाळेंत जातां ना?”

हिशेब सोपा होता. पूर्वीं इंजिनाच्या तीन फेऱ्यांस मोठें चाक एकदां फिरे. आतां अडीच फेऱ्यांसच फिरत होतें. म्हणजे चाकांचे जेथें पांच फेरे होत, तेथें आतां सहा. पण जेथें सहा शेर ओढ मिळे, तेथें पांचच शेर. “इंजिन तेंच आहे,” आबा म्हणाले, “त्याची मिळकत कांहीं वाढली नाहीं. तुम्हीं सगळी वेगांत उधळली, मग चढावर तें उधारीवर चाललें. उधारी म्हणजे ती ऊब.”

मग ते घाटाविषयीं बोलूं लागले. बोरघाटाची लोहमार्गाची वाट १८६३ सालीं खुली झाली. तिची कठीणांत कठीण चढण ३७ फुटांस १ फूट आहे. पायीं चालणाऱ्यास ही कांहींच वाटणार नाहीं, पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर चढवावयाचें म्हणजे ती भिंतच. १९२९ सालीं पुण्यापर्यंत विजेचीं इंजिनें आलीं. मालगाड्यांसाठीं स्वित्झर्लंडांत व इंग्लंडांत घडविलेलीं जीं इंजिनें आणलीं होतीं, त्यांस रेल्वेचे लोक ‘खेकडा’ म्हणत. उभें असतांही तें कण्हत असे. आबांनीं तरुणपणीं हे खेकडे चालविले. त्यांतील एक आज दिल्लीच्या रेल्वे-संग्रहालयांत ठेवला आहे. आबा तो पाहावयास कधीं गेले नाहींत. विचारलें तर म्हणतात, “उभा केलेला काय पाहायचा?”

मोटारीप्रमाणें धांवतांना गिअर बदलण्याची सोय विजेच्या इंजिनांत नसते. तें इंजिन कोणत्या कामासाठीं, हें कारखान्यांतच ठरवून दांते कापलेले असतात. आबांनीं समोरून जाणाऱ्या गाडीकडे बोट दाखविलें. चित्तरंजनच्या कारखान्यानें मालगाडीचें डब्ल्यूएजी-९ हें इंजिन घेतलें आणि मुख्यतः त्याच्या दांत्यांचें प्रमाण बदलून त्यापासून उतारूगाडीचें डब्ल्यूएपी-७ हें इंजिन सिद्ध केलें. पहिल्यांत मोठ्या चाकास ७७ व लहानास १५ दांते. दुसऱ्यांत ७२ व २०. पहिलें ताशीं १०० किलोमीटरच्या वर जावयाचें नाहीं, दुसरें १४० पर्यंत जातें. घरासमोरून रोज जाणाऱ्या ह्या गाड्यांत एवढें कांहीं असेल, हें आम्हांस तोंवर ठाऊक नव्हतें.

आमच्या मनांत मात्र दुसराच बेत होता. प्लॅस्टिकचें चाक मोडलें, तर पोलादाचें घालावें! आबांनीं मान हलविली. जड गाडी कर्जतेस आली म्हणजे घाट चढण्यासाठीं तिला मागून बँकर इंजिनें जोडतात. तीं पुढेंच कां जोडीत नाहींत? कारण सगळी ओढ पुढून घेतली, तर पहिल्या डब्यांच्या कपलिंगांवर साऱ्या गाडीचा ताण येईल आणि तीं तुटतील. “पोलादाचें घाला, तें मोडणार नाहीं. मग धक्का पुढें जाईल आणि आंतलें डिफरन्शिअल मोडेल. कुठेंतरी मोडायचेंच, तर स्वस्तांत मोडूं दे.” प्लॅस्टिकचें चाक तिनशेंचें होतें आणि डिफरन्शिअल त्याच्या कित्येक पट, तेव्हां पोलादाचा विषय तेथेंच मिटला.

दांते मोडण्याचें आणखी एक कारण आबांनींच शोधलें, आणि तें आमच्या आळसाचें होतें. लहान चाक मोठें केलें म्हणजे इंजिन तितकें मागें सरकवावें लागतें. आम्हीं तें सरकविलें होतें, पण वाजवीपेक्षां अधिक. त्यामुळें दांत्यांचीं टोंकेंच तेवढीं एकमेकांस लागत होतीं. खरी रीत अशी: दोन चाकांच्या मध्यें कागदाची पट्टी घालावी, इंजिन दाबून स्क्रू आवळावे, मग पट्टी फिरवून काढावी. तिच्यावर घड्या उमटल्या व ती फाटली नाहीं, तर अंतर बरोबर. आम्हीं सहामाही परीक्षेचा उत्तरपत्रिकेचा कागद वापरला. गुण पाहतां त्याचा याहून चांगला उपयोग नव्हता.

परंतु ह्या सर्वाआधीं आईस सांगणें भाग होतें. आबा म्हणाले, “चाकाचें मी सांगितलें; पैशांचें तुम्ही सांगा.” आम्ही स्वयंपाकघराच्या दाराशीं कितीतरी वेळ उभे होतों. शेवटीं सांगितलें. आई रागावली नाहीं. भाकरी थापतां थापतां तिनें एवढेंच विचारलें, “म्हणजे गाडी तेव्हां बिघडली नव्हती?” आम्ही नाहीं म्हणालों. मग तिनें फडताळांतून हिशेबाची वही काढावयास लावली व पीठ लागलेल्या बोटानें जागा दाखवून आमच्याच अक्षरांत अठराशें रुपये आमच्या नांवावर लिहविले. पुढें १३ दांत्यांची क्लच-बेल, नवें प्लॅस्टिकचें चाक व क्लचचे तुकडे यांचे अकराशें त्याखालीं चढले.

तेराचें चाक बसविल्यावर प्रमाण साडेतिनाच्या जवळ गेलें. दुसरा गिअर चढणीवर अवेळीं पडूं नये म्हणून पेटीवरील लहान स्क्रूही थोडा आवळला. प्रदर्शनांत सपाटीवर आमची गाडी मित्राच्या गाडीहून फारच मागें पडली, आणि मुलें हंसलीं. उंचवट्यावर मात्र तिनें मागें दोरीनें बांधलेली फळी व फळीवर ठेवलेली पांच किलो तांदळाची पिशवी न थांबतां वर नेली. बक्षीस दुसऱ्याच कोणास मिळालें. आबा त्या दिवशीं मुद्दाम आले होते. गर्दी ओसरल्यावर त्यांनीं चालूं इंजिनाच्या चौकटीवर हात ठेवला आणि डोळे मिटून पुष्कळ वेळ तसेच राहिले. कानांस ऐकूं येत नाहीं तें त्यांस हातानें कळतें.

पावसाळ्यांत आम्हीं शेजाऱ्यांच्या खाचरांत भातलावणीस जाऊन मजुरी मिळविली व ती आईजवळ दिली. वहींत अद्याप सातशें रुपये आमच्या नांवावर आहेत.