बाह्या नाहीत का सदऱ्याला?

परवा कपाट आवरताना तळाशी तो काळा, अंगाला चिकटणारा, बिनबाह्यांचा टी-शर्ट सापडला आणि गेल्या एप्रिलमधला विसापूर आठवला.

झालं असं, की आम्ही तिघं तळेगावहून लोकलने मळवलीला उतरलो आणि भाज्यातून चढायला लागलो. निघायलाच उशीर. (आयटीवाल्यांचा शनिवार दहाला उजाडतो, काय करणार!) विसापूरचा माथा म्हणजे अफाट पठार, सावलीला झाड शोधावं लागतं. दुपारी एकच्या सुमारास माझे खांदे लालबुंद, डोकं ठणकतंय, आणि मग उलटी. मित्रांनी धरून धरून पाटणला उतरवलं, तिथे एका घराच्या ओसरीवर आडवा झालो.

घरातल्या मावशी नुकत्याच शेतातून आल्या होत्या. नऊवारीवर घरधन्याचा फुल शर्ट, डोक्याला फडकं. मीठ-साखर घातलेलं पाणी दिलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "एवढ्या उन्हाचं उघड्या अंगानं कशाला फिरायचं रं बाळा? बाह्या न्हाईत व्हय सदऱ्याला?"

आता बोला! 'कपडे जितके कमी तितकं गार' हा माझा फंडा. कॉलेजात असताना स्कूटीवरच्या मुलींचे सनकोट, स्कार्फ आणि कोपरापर्यंतचे हातमोजे बघून आम्ही जाम हसायचो. त्या बरोबर होत्या हो.

घरी आल्यावर जरा वाचलं. सावलीत उघडं अंग बरं, पण उन्हात तीच कातडी थेट तापते. ऊन आधी कापडावर पडलं पाहिजे, आणि कापड व अंग यांच्यात हवा खेळली पाहिजे. वाळवंटातले बदाऊनी लोक काळे झगे कसे घालतात, यावर १९८० साली 'नेचर'मध्ये एक पेपर आला होता. काळं कापड जास्त तापतं हे खरंच, पण झगा सैल असल्यामुळे ती जादा उष्णता कातडीपर्यंत पोचतच नाही. म्हणजे माझ्या टी-शर्टचा गुन्हा काळेपणापेक्षा चिकटेपणाचा.

मग दुकानात गेलो. तिथे यूपीएफ ५० लिहिलेले शर्ट. याचा अर्थ अतिनील किरणांचा फक्त पन्नासावा भाग आत येतो. साध्या पातळ पांढऱ्या सुती टी-शर्टचा हाच आकडा ५ ते ७ च्या आसपास, आणि भिजला की आणखी कमी. किंमत बघून शर्ट परत टांगला आणि घरी येऊन सगळे शर्ट ट्यूबलाइटसमोर धरले. आई म्हणाली, "भुतासारखा काय करतोयस?" ज्यातून उजेड कमी आला तो जिंकला: बाबांचा ऑफिसचा जुना सुती फुल शर्ट, घट्ट विणीचा, मला दोन बोटं सैल. (ही चाचणी ढोबळ आहे, प्रयोगशाळेची सर नाही.)

"ट्रेकला कॉटन? वेडा आहेस का?" हे ऐकून घ्यावंच लागतं. पावसाळ्यात किंवा डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला कॉटन नकोच, ओलं राहून गारठवतं. पण एप्रिलच्या कोरड्या उन्हात तेच तर हवं असतं! एक लिटर घाम अंगावरच वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. नुसता टपटप गळला तर काही उपयोग नाही. मे संपता संपता हवा दमट होते, तेव्हा मात्र पटकन वाळणारं पातळ पॉलिस्टर बरं, तेही सैल आणि फुल बाह्यांचंच. खाली जीन्स नको, पातळ ट्रॅकपँट. हाफपँट घातलीत तर करवंदीची जाळी हिशोब चुकता करते. टोपीने कान आणि मान झाकत नाहीत, म्हणून तिच्याखाली ओला पंचा.

हे सगळं घालून गेल्या रविवारी पहाटेच्या लोकलला उभा होतो. मित्राने खालून वर पाहिलं. "ऑफिसला चाललायस की शेतावर?"

दहाच्या आत विसापूर उतरून पाटणला आलो. मावशींच्या दाराला कुलूप होतं.